काकीचं डोंगल आणि काकीचाच पिन

ज्यांच्या घरात किंवा भावकीत नुकतंच कुणी सरपंच झालंय, त्यातही बाई सरपंच झाल्यात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. सत्काराचे हार सुकायच्या आत डीएससी, म्हणजे पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये येणारी डिजिटल सही, काढायला टाका. ग्रामपंचायतीत चेकवर सह्या करून बिलं भागवायचे दिवस बरेचसे गेलेत, वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या पोर्टलवरनं, पीएफएमएस या सरकारी पैसे वाटायच्या सिस्टिममार्गे थेट ठेकेदाराच्या नाहीतर दुकानदाराच्या खात्यावर जातो आणि तो सोडायला दोन डिजिटल सह्या लागतात. ग्रामसेवक मेकर म्हणजे बिल तयार करणारा, सरपंच चेकर म्हणजे तपासून मंजूर करणारा. ग्रामसेवकांना आता कागदोपत्री ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं असतं, गावात अजून भाऊसाहेबच चालतंय. तर नव्या सरपंचाची डीएससी पोर्टलवर चढत नाही तोवर पाण्याच्या मोटारीच्या दुरुस्तीचं बिल असू दे नाहीतर गटारीचं, सगळं अडकून बसतं आणि ठेकेदार रोज सकाळी दारात.

मी कराडला एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला आहे, दिवसभर जीएसटी नाहीतर कंपन्यांचे रिटर्न, डोंगल लाव, डोंगल काढ. त्यामुळं माझी काकी सरपंच झाली तेव्हा भावकीनं हे काम माझ्याच गळ्यात घातलं.

लोकांना वाटतं डीएससी म्हणजे कॉम्प्युटरचं काहीतरी अवघड काम. कॉम्प्युटरचं नंतर बघू, खरी गोची कागदात असते. काकीच्या पॅनवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं. आपल्याकडं बायकांच्या निम्म्या कागदांची हीच गत आहे, पॅन लग्नाआधी कुणीतरी काढून ठेवलेलं आणि आधार लग्नानंतरचं. नावं जुळली नाहीत की अर्ज परत. मग आधी पॅनची दुरुस्ती, त्याला लग्नाचा दाखला लागला आणि काकी आणि तिचा नवरा नाना यांचं लग्न त्या काळातलं की दारात मांडव घातला, जेवणावळी झाल्या, नोंद करायची असते हे कुणाच्या गावीही नव्हतं. गावातल्या लग्नाची नोंद ग्रामसेवकाकडंच होते, म्हणजे सरपंचबाईंनी आपल्याच पंचायतीत उशिराच्या नोंदणीचा अर्ज दिला, तीन साक्षीदार उभे केले आणि मुलीच्या लग्नाचं बघायच्या वयात स्वतःच्या लग्नाचा दाखला घेतला. नाना दिवसभर खूश होते.

दुसरी गोची मोबाईल नंबरची. आधारला नानांचा नंबर, बँकेला थोरल्या पोराचा. डीएससीच्या अर्जात ओटीपी येणार, तो ज्याची सही त्याच्याच नंबरवर यायला पाहिजे, नाहीतर पुढं प्रत्येक वेळी ओटीपीसाठी नानांना शेतातनं बोलवत बसायचं. आधारचा नंबर तेव्हा घरबसल्या बदलत नव्हता, सेंटरला जाऊन बोटं द्यावी लागायची. ते केलं. नवीन सिम काकीच्या नावावर.

मग व्हिडिओ. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, अर्जदारानं कॅमेऱ्यासमोर येऊन नाव सांगायचं, अर्ज मीच केलाय म्हणायचं, ओरिजिनल पॅन कॅमेऱ्यापुढं धरायचं. काकीनं पदर सारखा केला, पॅन धरलं आणि बोलायला तोंड उघडतेय तोवर मागनं नाना, "मोठ्यानं बोल, कार्ड सरळ धर, सरळ!" दोन आवाज आले म्हणून व्हिडिओ रिजेक्ट. काकी म्हणाली, "तुम्ही जरा भाईर बसा बघू." नाना ओट्यावर गेले, दार लावलं, व्हिडिओ पास. आणि हो, पाठीमागनं खिडकीचा उजेड आला की चेहरा काळा पडतो, भिंतीकडं पाठ करून बसवा.

अर्ज करताना विकणारा दहा प्रकार सांगेल. क्लास २ आता मिळत नाही, १ जानेवारी २०२१ पासनं बंद आहे, क्लास ३ च काढायची, कुणी स्वस्तात क्लास २ देतो म्हणाला तर उठून या. साइनिंगवाली घेऊ की एन्क्रिप्शनसकट कॉम्बो, तर बिलावर सही करायला साइनिंग पुरते, एन्क्रिप्शनचं काम टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्यांना वगैरे पडतं, उगाच जादा पैसे घालवू नका.

आता मुद्द्याचं. ते डोंगल, त्यालाच टोकन म्हणतात, दिसायला पेनड्राइव्ह, पण त्यात फाइल नसते. सहीची जी गुप्त किल्ली असते ती त्या टोकनच्या आतच तयार होते आणि बाहेर येतच नाही. सही करताना कागदाचा एक गणिती ठसा टोकनकडं जातो, टोकन आतल्या आत त्याच्यावर सही करून परत देतं. म्हणजे डोंगलची कॉपी मारता येत नाही, डोंगल आणि पिन दोन्ही ज्याच्याकडं तो सरपंच, विषय संपला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये कलम ४२ आहे, किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी ज्याची सही त्यानं घ्यायची आणि ती दुसऱ्याच्या हातात गेली असं वाटलं तर सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला लगेच कळवायचं. उद्या बिलात घोळ निघाला तर "मला माहीत नव्हतं, डोंगल पंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरकडं असायचं" हे सांगून सुटका होणं अवघड, कारण सिस्टिममध्ये सही काकीची, आणि वसुलीची नोटीस ज्याची सही त्याच्या नावानंच निघते.

आणि होतं काय? आमच्या धंद्यात तर मी ड्रॉवरच्या ड्रॉवर बघितलेत, पन्नास क्लायंटची पन्नास टोकन, प्रत्येकाला नावाचं स्टिकर आणि स्टिकरवरच पिन. पंचायतीत तर ठरलेलंच, ग्रामसेवकाचं आणि सरपंचाचं दोन्ही डोंगल ऑपरेटरच्या टेबलात, मेकर पण तोच आणि चेकर पण तोच. बाई सरपंच असतील तर डोंगल नवऱ्याच्या खिशात. सह्या करून ठेवलेलं कोरं चेकबुक दुसऱ्याच्या खिशात असल्यासारखंच आहे ते, फक्त दिसत नाही म्हणून कुणाला भीती वाटत नाही. दोन सह्या ठेवल्यात त्या एकानं दुसऱ्याला अडवावं म्हणून.

म्हणून डोंगल आलं तेव्हा मी काही टाईप केलं नाही. बऱ्याच टोकनचा पिन कंपनीतनं एक ते आठ असा सरळ आकड्यांचा येतो आणि लोक तोच ठेवतात. काकीला खुर्चीत बसवलं, बदलायची खिडकी उघडून दिली आणि मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. एकेक बटण शोधत तिनं टाकला, परत टाकायला सांगितला, परत टाकला. "कुणालाच सांगायचा न्हाई व्हय? ह्यास्नी बी?" म्हटलं नानांना पण नाही. नाना ओट्यावरनं म्हणाले, "मला काय करायचाय तुझा पिन." पण तोंड पडलं होतं. एक ध्यानात ठेवा, पिन ठराविक वेळा चुकला की टोकन लॉक होतं, मग कुणीतरी शहाणा इनिशियलाइज करून देतो म्हणतो, तसं केलं की आतलं सर्टिफिकेट पुसलं जातं आणि नवीन डीएससीचे पैसे परत भरायचे.

कॉम्प्युटरचं आता थोडक्यात. टोकनचा ड्रायव्हर टाका, मग पोर्टलचा साइनर, म्हणजे टोकन आणि पोर्टल जोडून सही करून देणारं सॉफ्टवेअर. हे साइनर प्रकरण सगळीकडं रडतंच, आमच्याकडं जीएसटीचा ईएमसाइनर कनेक्शन होत नाही म्हणून ओरडायला लागला की अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालू करायचा आणि ब्राउझरमध्ये https://१२७.०.०.१:१५८५ इंग्रजी आकड्यांत टाकून अॅडव्हान्सडमध्ये जाऊन पुढं जा म्हणायचं, ब्राउझर धोका धोका म्हणतो पण तो पत्ता आपल्याच मशीनचा असतो. पंचायतीत मात्र वेगळंच भूत निघालं. सर्टिफिकेट अजून लागू नाही असा एरर, ड्रायव्हर काढून टाकला, परत घातला, तरी तेच. शेवटी खाली कोपऱ्यात नजर गेली तर कॉम्प्युटरची तारीख कैक वर्षं मागची. आतला सेल संपलेला, लाईट गेली की घड्याळ मागं. सेल बदलला, चालू. तसंच दोन डोंगल एकदम लावू नका, भाऊसाहेबांचं काढा मग सरपंचाचं लावा. पोर्टलवर नोंदणी करताना नावाचं इंग्रजी स्पेलिंग सर्टिफिकेटवर आहे तसंच अक्षर न अक्षर टाका, आणि वरनं मंजुरी येईपर्यंत फोन करत राहा, आपोआप येईल म्हणून बसू नका.

ऑपरेटर पोरगा तसा चांगला आहे, तो म्हणालाच, "मॅडम, रोज कशाला हेलपाटा, डोंगल इथंच राहू द्या, मी करतो." काकीनं डोंगल चंचीत घातलं. आता ती आठवड्याला एक दिवस जाते, आधी बिल आणि मोजमाप पुस्तिका मागते, मग पिन. मध्ये दिव्यांचं बिल आलं होतं, बारा पोलांचं. काकी म्हणाली, मारुतीच्या देवळापाशी तर रात्री अंधारच असतो, तो बारावा कुठं लावला? व्हाउचर तसंच पडून राहिलं, तिसऱ्या दिवशी देवळापाशी दिवा लागला, मग सही झाली. ठेकेदार अजून नानांशी बोलत नाही, नानांचा काय संबंध कुणास ठाऊक.

मुदतीचं सांगायचं राहिलं. सरपंचाचा कार्यकाळ पाच वर्षांचा आणि डीएससी जास्तीत जास्त तीन वर्षांची मिळते, म्हणजे मध्ये एकदा तरी नवीन काढायचीच आहे, आणि नवीन म्हणजे पोर्टलवर परत नोंदणी, परत मंजुरी. महिनाभर आधी तयारीला लागा. मार्चमध्ये संपत असेल तर अजून आधी, मार्च एंडला कुणी फोन उचलत नाही.