दह्याची वाटी परत गेली

अ‍ॅक्युट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला आणि केमोनंतर डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सांगितला. धाकट्या भावाचं एचएलए, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणा, माझ्याशी पूर्ण जुळलं. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक, तेव्हा नशीबच म्हणायचं. त्याला काही दिवस इंजेक्शनं देऊन मशीनवर स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, काढल्या. मला त्या पिशवीतून चढल्या तेव्हा काहीच विशेष वाटलं नाही. खरे हाल पुढे झाले.

सहाव्या दिवशी रक्तपेशींचे काउंट तळाला गेले. तोंडापासून खालपर्यंत आतून सालं निघाली. थुंकी गिळायची म्हणजे काच गिळायची. त्याच रात्री ताप १०१. सिस्टरने शिरेतल्या लाइनमधून कल्चरला, म्हणजे जंतू तपासायला, रक्त घेतलं आणि लगेच मेरोपेनेम हे अँटिबायोटिक सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा डबा आला. कुकरमधला मऊ भात, आणि स्टीलच्या वाटीत घट्ट दही. "औषधांनी पोट बिघडतं गं, दोन चमचे तरी घे." सिस्टरने वाटी दारातूनच परत पाठवली. सासूबाई दुखावल्या, आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा. राउंडला डॉक्टरांना विचारलंच.

ते म्हणाले, "दह्यातले जंतू चांगलेच. पण तुमच्या आतड्याचं अस्तर फाटलंय आणि पांढऱ्या पेशी नाहीत. ते रक्तात शिरले तर अडवणार कोण?"

"मग माझ्या पोटात आधीपासून आहेत त्यांचं काय? हे औषध त्यांनाही मारतंय ना?"

"मारतंय," ते सरळ म्हणाले. "पण आज ताप थांबवला नाही तर उद्याचा प्रश्नच उरत नाही." मग जरा टेकले आणि सांगू लागले. २०२० साली एक मोठा अभ्यास आला होता: अमेरिकेतलं न्यूयॉर्क आणि डरहॅम, जर्मनीतलं रेगेन्सबर्ग आणि जपानमधलं साप्पोरो इथल्या ट्रान्सप्लांटच्या १३६२ पेशंटांचे ८७६७ शौचाचे नमुने. ज्यांच्या पोटात जंतूंच्या जाती जास्त टिकल्या, त्यांच्यात मृत्यू कमी. न्यूयॉर्कमध्ये हे दिसलं आणि बाकीची तीन ठिकाणं मिळूनही हेच दिसलं. बाकीच्या जाती मेल्या की एखादीच माजते, बहुतेकदा एन्टरोकॉकस. मला आमच्या बांधावरचं गाजरगवत आठवलं. "पण जाती टिकल्या म्हणून पेशंट वाचला, की मुळात बरा होता म्हणून जाती टिकल्या, हे त्या आकड्यांवरून ठरत नाही," असंही ते म्हणाले. मला हे आवडलं. नुसता धीर देणारे डॉक्टर खूप भेटले होते.

पांढऱ्या पेशी वर आल्या, घरी सोडलं, आणि ट्रान्सप्लांटनंतर चौतिसाव्या दिवशी जुलाब सुरू झाले. हिरवट पाणी. परत अ‍ॅडमिट. नवऱ्याने खुणा केलेल्या प्लास्टिकच्या भांड्याने प्रत्येक वेळी मोजून वहीत लिहिलं: २००, १५०, ३००, असं दिवसभर. दिवसाची बेरीज ११०० मिली. एका आकड्यापाशी पेन थांबलं, तेव्हा त्याचा हात कापत होता. मी न पाहिल्यासारखं केलं. बायोप्सीत जीव्हीएचडी निघाला, म्हणजे भावाच्या पेशी माझ्याच आतड्यावर उठल्या होत्या. स्टेरॉइड सुरू झाली. पाचव्या दिवशी बेरीज ४०० वर आली, तेव्हा नवऱ्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या.

आता आठ महिने झालेत. स्टेरॉइडचा डोस उतरतोय. दही कधी, असं दर भेटीला विचारते, आणि डॉक्टर हसून "अजून थोडं" म्हणतात. घरी सासूबाई रात्री विरजण लावताना भांड्यावर झाकण ठेवतात आणि विचारतात, "या वेळी काय म्हणाले?"