नंदीच्या पोटातली चकती

पोळ्याच्या आधी माझ्या दुकानात लाकडी नंदींचीच गर्दी असते. कुणाचं शिंग तुटलेलं, कुणाचं चाक निखळलेलं. एरवी मी हलत्या बाहुल्या आणि देखावे बनवतो. दळण दळणारी बाई, डवरा ओढणारी बैलजोडी अशा गोष्टी गणपतीत आणि जत्रेत मांडतो. पण वर्धा जिल्ह्यात राहायचं म्हटल्यावर तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी नंदींचा पोळा, कुणाला चुकतो? आमच्या जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर बघायला बाहेरगावची माणसं येतात.

यंदा एक काकू टेम्पोत घालून जुना सागवानी नंदी घेऊन आल्या. उंची माझ्या कमरेएवढी, रंगाचे थरावर थर.

"भाऊ, याची मान हाले म्हणे. सासूबाईनं पायली होती, आम्ही तं कधीच नाही पायली. आता याले मोटार बसवून द्या, स्पर्धेत उभा करायचा हाय."

मान हलायची, हे ऐकूनच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. नंदी आडवा केला. पोटाखाली एक फळी सापडली, रंगाने बुजलेली. ती काढली, तर आत चाकांच्या कण्यावर बसवलेली लाकडी चकती. चकतीवर एक उभी दांडी टेकलेली आणि दांडीच्या वर मानेचं आतलं टोक. त्या टोकाला वजन म्हणून लोखंडाचा तुकडा बांधलेला. मुलगा दोरी ओढणार, चाकं फिरणार, कणा फिरणार, चकतीचा फुगवटा दांडीला वर ढकलणार आणि बाहेर मान खाली झुकणार. ना स्प्रिंग, ना चावी. चालणाऱ्या मुलाच्या पावलातूनच सगळी ताकद.

कुणीतरी मानेच्या खिळ्यात जवसाचं तेल ओतलं होतं. आपल्याकडे घरात जवस असायचंच, हाताशी आलं ते ओतलं असेल. पण हे तेल हवेत सुकून चिकट होतं आणि मग घट्ट बसतं. टर्पेंटाइन आणि धीर, दोन्ही लागलं.

खरा पेच चकतीचा होता. फुगवटा झिजून, कड तुटून गेली होती. आजचे लोक हिला कॅम म्हणतात. हलत्या बाहुलीचा सगळा जीव हिच्यात असतो, कारण हालचाल कशी व्हायची ते हिच्या आकारात कोरलेलं असतं. स्वित्झर्लंडमध्ये नोशातेलच्या संग्रहालयात पियेर जाके-द्रो या घड्याळजीची 'लिहिणारा मुलगा' ही हलती बाहुली आहे. 1774 साली तो लोकांसमोर आला. त्याच्या पाठीत अशाच चकत्यांची चळत आहे, म्हणून तो टाक दौतीत बुडवतो, झटकतो आणि अक्षरं काढतो. आमच्या नंदीच्या पोटात एकच चकती, पण तत्त्व तेच.

या चकतीचा बराचसा घेर सपाट गोल होता. तो झिजून तसा झाला की मूळचाच? भिंगातून पाहिलं तर सपाट भागावर पटाशीचे मूळ वण शाबूत होते. म्हणजे कारागिराने मुद्दाम तसं ठेवलं होतं: बराच वेळ मान स्थिर. पण का? झुलती मानच तर लोकांना आवडते.

गावातल्या एका बाबाजींची बैलजोडी अजून आहे. संध्याकाळी त्यांच्या गोठ्यावर गेलो. ऐकून ते म्हणाले, "हे पाय, दर पावलाले मान खालीवर होत असन, तं बैल लंगडते समज. खुरात काटा असन. धड बैल मान सरळ ठेवून चालते. मंग मधीच माशी बसली का मान वाकवते, अन् एक झटका देते."

झटका! तुटलेल्या कडेचा अर्थ तिथे लागला. चढ हळू, उतार कड्यासारखा. मान सावकाश झुकणार आणि दांडी कड्यावरून घसरली की वजनाने झटकन वर येणार. ज्याने हे कोरलं तो रोज बैल बघणारा माणूस होता. त्याचं नाव कुठेच नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

मान किती खाली जायची, ते छातीच्या खाचेतल्या घासल्याच्या काळपट खुणेने सांगितलं. नवी चकती बाभळीची केली, गाडीच्या चाकांना वापरतात तीच. पोळा ऐन पावसाळ्यात येतो, आणि लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत नाही. एकाच फळीची चकती असली की गोलाचा अंडाकार होतो. म्हणून दोन पातळ चकत्या, रेषा आडव्या-उभ्या ठेवून, चिकटवल्या. उताराला थोडी तिरकी ढाळ दिली. पोरं नंदी मागेही ढकलतात, तेव्हा दांडी सरळ कड्यावर अडून कड तुटते. पहिली तशीच तुटली असणार.

काकूंना मोटारीचा आग्रह सोडायला सांगितलं. चाक नऊ इंची, म्हणजे एका फेऱ्यात साधारण 28 इंच, लहान मुलाची दोन पावलं. मुलगा थांबला की नंदी थांबतो, पळाला की नंदीही घाई करतो. मोटारीला हे कुठून कळणार? "एकदा ओढून तं पाहा," म्हटलं.

तान्ह्या पोळ्याला त्यांच्या नातवाने नंदी ओढला. पोटाच्या फळीच्या जागी मी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक लावलं होतं. थोड्या वेळात पोरं नंदीचा साज सोडून चिखलात पालथी पडून पोटात बघत होती आणि "आता, आता!" ओरडत होती. बोजारा, म्हणजे नंदी घेऊन दारोदार मागायची ओवाळणी, मागायचं विसरली. बाबाजी आले, त्यांनी स्वतः दोरी धरून नंदी देवळापर्यंत नेला आणि म्हणाले, "हा लंगडत नाही." स्पर्धेत बक्षीस मोठ्या, सजवलेल्या नंदीला गेलं. काकूंनी मोटारीचा विषय पुन्हा काढला नाही.

विदर्भातल्या वाड्यांच्या माळ्यांवर असे नंदी अजून असतील. भंगारात किंवा चुलीत घालण्याआधी चाकं हाताने फिरवून बघा. आत काही टेकतंय, अडतंय असं वाटलं तर जोर करू नका, जवसाचं तेल तर मुळीच ओतू नका. पोटाखालची फळी शोधा, आणि चकतीच्या कडेवर एखादी खूण, अक्षर, काहीही कोरलेलं दिसलं तर मला कळवा. त्या कारागिराचं नाव मला अजून शोधायचं आहे.