आमची वाटचाल: ग्रिलच्या दुकानापासून होडीच्या ट्रेलरपर्यंत

आमच्या वर्कशॉपच्या बोर्डावर अजूनही ‘गेट, ग्रिल, शटर’ एवढंच लिहिलेलं आहे. बोर्ड रंगवला २००६ साली. तेव्हा मालवणात कुणी होडीला चाकं लावून मागितली असती तर आम्ही सगळेच हसलो असतो. होडी वर घ्यायची म्हणजे माणसं गोळा करायची. पंधरा-वीस जण, तळाखाली ओंडके आणि पुढे ओरडून ताल धरणारा एक. मागून सुटलेला ओंडका पळत पुढे आणून घालायचं काम पोरांचं. लहानपणी मीही ते केलंय, आणि एकदा त्याच ओंडक्याखाली पायाचं बोट सापडलंय. ते नख आजही वाकडंच येतं.

आयटीआयमधून वेल्डर झालो आणि सहा वर्षं गोव्यात, वास्कोला, जहाजदुरुस्तीच्या कामावर होतो. तिथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. खाऱ्या हवेत वेल्ड सहसा आधी जात नाही, वेल्डच्या कडेची तापून रंग उडालेली जागा आधी जाते. परत येऊन कुंभारमाठला पत्र्याची शेड घातली, एक वेल्डिंग मशीन, एक ग्राइंडर. पहिली सहा-सात वर्षं सांगण्यासारखं काही नाही. गेटं केली, गणपतीच्या मखराचे सांगाडे केले, उधारी वसूल करत फिरलो.

सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ सालीच जाहीर झाला होता, पण तारकर्ली-देवबागला खरी गर्दी आली ती नंतर, स्कूबा आणि वॉटर स्पोर्ट्समुळे. मग जिथे तिथे फायबरच्या होड्या. आता ही होडी रोज पाण्यात जाणार, रोज बाहेर येणार, आणि तिला ढकलायला वीस माणसं रोज कोण देणार? गावातली निम्मी पोरं मुंबईला आणि उरलेली हॉटेलात. २०१२ च्या दिवाळीनंतर देवबागचे एक काका गेटचं बिल द्यायला आले आणि पैसे मोजता मोजता म्हणाले, “तुका वेल्डिंग येता ना? मगे माका होडयेक चाकां लावन दी.”

दिली. आमचा पहिला ट्रेलर म्हणजे परदेशी फोटो बघून केलेली नक्कल होती. लोखंडी चॅनेलचा सांगाडा, त्यावर दोन लांब लाकडी फळ्या, फळ्यांना जुना गालिचा गुंडाळलेला. दिसायला झकास. पहिल्याच दिवशी कळलं की अशा फळ्यांवर होडी घ्यायची तर ती तरंगत यावी लागते, म्हणजे अख्खा ट्रेलर पाण्याखाली जायला हवा. त्यासाठी उतार चांगला तीव्र पाहिजे, सातास एक तरी, म्हणजे सात फुटांत एक फूट. आपल्याकडे काँक्रीटचे तसे उतार मोजके, आणि वाळूचा किनारा इतका मंद की ट्रेलर बुडेपर्यंत ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर लाटा येतात. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते. मालवणला उधाणातही भरती-ओहोटीत दोन-सव्वादोन मीटरचाच फरक. पाणी आपल्याकडे चालत येत नाही, आपल्यालाच त्याच्याकडे जावं लागतं.

दोन महिन्यांत त्या ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या बेअरिंगांची माती झाली. कारण साधं आहे. गाडीमागून ओढत आणलेलं चाक आतून गरम असतं. ते थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारं पाणी आत ओढलं जातं. ग्रीस दुधासारखं पांढरं झालं की समजायचं, बेअरिंग गेलं.

काकांनी ट्रेलर परत केला नाही. केला असता तर बरं झालं असतं, कारण मग मी तो रस्त्यावरून जाता-येता बघितला नसता.

फळ्या सोडून रोलरवर आलो ते या अपमानातून. रोलरचा खरा फायदा होडी घरंगळते हा नाही. ट्रेलर बुडवावा लागत नाही, हा आहे. चाकं जेमतेम पाण्याच्या कडेला ठेवायची, होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, शेवटच्या रोलरवर टेकवायची आणि विंचने, म्हणजे पट्टा गुंडाळत ओढणाऱ्या रहाटाने, ओढून घ्यायची. हिशोब करून बघा. इंजिन, टाकी धरून होडी ७०० किलोची, उतार सातास एक. नुसत्या चढासाठी १०० किलोचा ओढा लागतो. ओल्या गालिच्यावरून घासत न्यायची तर घर्षणाचे त्यात आणखी दीड-दोनशे किलो. चांगल्या रोलरवर तेच तीस-चाळीसवर येतं. गिअरच्या हातविंचवर हे एका माणसाचं काम आहे, आणि तो माणूस साठीचाही चालतो.

पण दुसऱ्या ट्रेलरने मला झोपू दिलं नाही ते वेगळ्याच कारणाने. होडी चढायची, पण तिरकी. देवबागला कर्ली नदीच्या बाजूने होड्या काढतात. तिथे सुकतीचा, म्हणजे ओहोटीच्या पाण्याचा, ओढ जोराचा असतो. नाळ रोलरवर टेकली की पुढचं टोक धरलेलं आणि मागचा भाग मोकळा, मग ओढ त्याला बाजूला नेतो. आम्ही विंच फिरवत राहिलो की होडी तशीच वाकडी वर यायची. मग चार जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला ढकलून सरळ करणार. म्हणजे चाकं लावून आम्ही वीस माणसांची चार केली होती, एक केली नव्हती. त्यातच एकदा तिरक्या बसलेल्या होडीचं सगळं वजन डाव्या बाजूच्या एकाच रोलरवर आलं. रोलर होते नायलॉनचे, दगडासारखे टणक. तळाच्या जेलकोटला, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थराला, तळहाताएवढी कोळ्याच्या जाळ्यासारखी चीर गेली. दुरुस्ती अर्थात आमच्या खर्चाने.

मी विंच मोठा करायच्या विचारात होतो. तेव्हा शेजारचे एक म्हातारे तांडेल, म्हणजे होडीवरचे म्होरके, आयुष्य पाण्यात काढलेले, पंधरा मिनिटं बिडी ओढत बघत बसले होते. ते म्हणाले, “मेल्या, ओढतस कित्याक? आधी ती खंय जाता ता बघ.” आणि उठून त्यांनी होडीच्या मागच्या कडीला एक दोरी बांधली, ओढ येत होता त्या बाजूला किनाऱ्यावर उभे राहिले आणि ती नुसती ताणून धरली. होडी सरळ झाली. जोर लावला नाही, पाण्यालाच काम दिलं.

त्या दोरीने माझी सगळी कल्पना उलटी केली. मी होडीला ट्रेलरवर बसवत होतो. ट्रेलरनेच तिला मधोमध घ्यायला हवं होतं. त्यानंतरचे सगळे बदल त्या एका विचाराचे आहेत. मधल्या ओळीचे रोलर आता डमरूच्या आकाराचे असतात, मध्ये बारीक, कडांना जाड, म्हणजे होडीचा कणा आपोआप खाचेत येतो. सगळ्यात मागचा रोलर सर्वांत रुंद, कारण पहिली भेट त्याच्याशीच होते आणि तिथे चुकलं की पुढे सगळं चुकतं. दोन्ही बाजूंना झुलत्या दांड्यांवर चार-चार रोलर. तळ जसा वळेल तशी दांडी वळते आणि वजन वाटलं जातं. मागचा भाग बिजागरीवर खाली झुकतो, त्यामुळे नाळ टेकते तेव्हा तिचा आणि रोलरचा कोन जुळतो.

तरीही ट्रॅक्टरवाल्याने ट्रेलर कलता लावला तर यातलं काहीच चालत नाही. एक चाक वाळूत चार बोटं जास्त रुतलं की होडी त्या बाजूला झुकून चढते. म्हणून ट्रेलर ताब्यात देताना आम्ही तो चालवून दाखवत नाही, आधी लावून दाखवतो. पट्टा विंचवरून सरळ नाळेच्या कडीकडे जातोय का हे मागे उभं राहून, एक डोळा मिटून बघायचं. ओढ असेल तर मागची दोरी. वारा आडवा असेल तर थांबायचं, घाई करणाऱ्याला चहा पाजायचा.

सामानाच्या बाबतीत आम्ही पैसे घालवून शिकलो. काळ्या रबराचे रोलर पांढऱ्या तळावर काजळासारखे पट्टे सोडतात. नायलॉनचं वर सांगितलंच. पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेनचे, रोलर उत्तम, असं समजून एक लॉट मागवला, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते शिळ्या भाकरीसारखे तुटायला लागले. मग कळलं की पीयूतही दोन जाती. पॉलिएस्टरची जात दमट उकाड्यात पाण्याने कुजते, पॉलिईथरची टिकते. विक्रेत्याला फरक माहीत नव्हता, मलाही नव्हता. आता ऑर्डर देताना तो शब्द लिहूनच घेतो. विंचला वायर देत नाही, विणलेला पट्टाच देतो. वायरचा एखादा धागा तुटला की तळहात फाटतो.

गॅल्वनायझिंगची, म्हणजे गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा देण्याची, गंमत अशी. पहिल्यांदा सांगाडा घाटावर पाठवला, छान बंद पाइपांचा, टोकं वेल्ड करून. तिथल्या सुपरवायझरने तो भट्टीजवळ नेलाच नाही. जस्ताचं भांडं ४५० अंशांवर असतं. बंद पाइपात थेंबभर ओल राहिली तरी तिची वाफ होते आणि पाइप फुटून वितळलेलं जस्त माणसांवर उडतं. आम्हाला फोन आला, “भोकं पाडून न्या.” रात्रीच्या गाडीने ड्रिल घेऊन गेलो. आता भोकं आधी पाडतो आणि वेल्ड नंतर.

एक चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली, ती लपवत नाही. रोलर जितका चांगला तितका तो मालकाशी बेइमान. चढताना मदत करतो तशीच उतरतानाही करतो. २०१७ मध्ये एका जेटीच्या उतारावर होडी पाण्यात सोडायची होती. मी सवयीने पट्ट्याचा हूक वरच काढला, ट्रेलर अजून पाण्यापासून दहा फूट लांब. ट्रॅक्टरने रिव्हर्समध्ये एक हिसका दिला आणि होडी मागच्या मागे घरंगळून काँक्रीटवर. इंजिनाचं खालचं पातं मोडलं. मागे कुणी उभं नव्हतं, ही रवळनाथाची कृपा. तेव्हापासून प्रत्येक ट्रेलरला पट्ट्याशिवाय वेगळी साखळी देतो, आणि विंचच्या खांबावर लाल रंगात लिहितो, ‘मागचे रोलर भिजल्याशिवाय हूक काढू नये’.

मे २०२१. तौक्ते चक्रीवादळ येणार हे हवामान खात्याने दोन-तीन दिवस आधी सांगितलं होतं. लॉकडाऊन होता, माणसं गोळा होणं शक्य नव्हतं. वर्कशॉपमध्ये दोन ट्रेलर तयार होते, गिऱ्हाईक न्यायला येऊ शकलं नव्हतं. त्यांना फोन करून विचारलं आणि १५ तारखेला सकाळपासून रात्री दोनपर्यंत आम्ही चौघं आणि एक ट्रॅक्टर होड्या काढत राहिलो. चौदा काढल्या. माडांच्या बागेत नेल्या नाहीत, कारण माड पडतात. उघड्या मळ्यात नेऊन बांधल्या. १६ तारखेला वादळ किनाऱ्याला घासत गेलं. नंतर कित्येक दिवस वीज नव्हती. शेडचे पत्रे मला शेजाऱ्याच्या विहिरीत मिळाले. पंधरावी होडी एका ओळखीच्याची होती. तिचा तळ मधल्या ओळीत बसतच नव्हता, कारण ट्रेलर एकाच मापाचा बांधलेला. ती आम्ही सोडून दिली आणि ती फुटली.

त्या होडीमुळे आता सगळे रोलर क्लॅम्पवर असतात, पान्याने वर-खाली, पुढे-मागे सरकणारे. चार-पाच छोटे मच्छीमार मिळून एक ट्रेलर घेतात तेव्हा हेच उपयोगी पडतं. एकट्याला तो परवडत नाही हे मला मान्य आहे, आणि त्यावर माझ्याकडे स्वस्त तोडगा नाही. पातळ चॅनेल घालून स्वस्त करता येईल. तो मी करणार नाही.

पावसाळ्याचं मात्र कान धरून सांगतो. २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, जून-जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद. तीन महिने होडी रोलरवर ठेवू नका. रोलरचा स्पर्श बोटाएवढाच असतो, फायबरला तिथे खळगा पडतो. खाली लाकडाची रुंद बैठक द्या. आणि होडीच्या तळाचं बूच काढा! सहा मीटरच्या होडीचं उघडं तोंड साधारण दहा चौरस मीटर. जुलैत एका रात्रीत १०० मिलिमीटर पडणं आपल्याकडे नवलाचं नाही. म्हणजे सकाळी होडीत एक टन पाणी. वेंगुर्ल्याच्या एका गिऱ्हाइकाने वाकलेला ॲक्सल दाखवून आमच्याशी भांडण काढलं, तेव्हा होडीत बेडूक पोहत होते.

आजवर एकूण ४३ ट्रेलर झाले. दुकानात मी, दोन वेल्डर, एक मदतनीस, आणि हिशोबाला बायको, जिच्यामुळे उधारी आता वसूल होते. पाच ट्रेलर गोव्यात गेले, बाकी सगळे याच किनाऱ्यावर. गेटं अजून करतो. पावसाळ्यात तीच पोट भरतात.

सध्या एक अवघड काम हातात आहे. रापणीची, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या मोठ्या जाळ्याची, एक मोठी लाकडी होडी आहे. तळ रुंद, जुनी, दरवर्षी थोडी वेगळ्या जागी फुगलेली. फायबरसारखा तिचा साचा नाही, कागदावर माप नाही. रापणकारांपैकी निम्म्यांना चाकं नकोच आहेत. “मगे माणसां कित्याक येतली?” असं एकाने विचारलं, आणि मला पटकन उत्तर सुचलं नाही. रापणीचा वाटा दोरी ओढणाऱ्यालाच मिळतो, हे मलाही माहीत आहे. तरी मापं घेऊन ठेवू असं ठरलंय. पुठ्ठ्याचे तुकडे तळाला लावून, कातरून, त्यावरून झुलत्या दांड्यांचा कोन काढणार आहे. उद्या ओहोटी पहाटे साडेपाचला आहे. ते तांडेलही येतो म्हणालेत, बिडी घेऊन.