कझाकस्तान आठ दिवसांत होईल का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला गेलाय. आणि लगेच, जरा आवाज खाली करून, दुसरा: “व्हेज मिळतं का हो?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. अख्खं नाही होणार. माझ्याही पहिल्या वहीत अल्माटी, अस्ताना, तुर्किस्तान शहरातला तैमूरलंगाने बांधायला घेतलेला सूफी संत यसावीचा मकबरा आणि कॅस्पियनकाठचं अक्ताउ, असं सगळं आठ दिवसांत कोंबलेलं होतं. नवऱ्याने नकाशावर पट्टी ठेवली. अल्माटी ते अक्ताउ सरळ रेषेत दोन हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे मुंबई-गुवाहाटी. वहीत मी त्यापुढे ‘दुपारी निघणे’ एवढंच लिहिलं होतं! जवळजवळ नऊ महाराष्ट्र मावतील एवढा देश आणि माणसं जेमतेम दोन कोटी, मग मधे काय असणार? गवताळ माळ, आणि पुन्हा माळच.

म्हणून पहिल्या खेपेला अल्माटीचा कोपरा धरा, बाकीचं निर्दयपणे खोडा. अस्तानासुद्धा. १९९७ पासून राजधानी तिथे आहे, इमारती चकचकीत आहेत, पण चकचकीत इमारती बघायला आपल्याला दुबई जवळ पडते. अल्माटीत रस्त्याच्या टोकाला बर्फाचे डोंगर दिसतात. शिंबुलाकच्या केबल कारने ३,२०० मीटरपर्यंत चढता येतं, तेही सकाळी नाश्ता करून निघून.

शहरात तीन दिवस, मग डोंगरातल्या तळ्यांजवळच्या साती गावात दोन मुक्काम. चारिन दरी, कोल्साई आणि कायंदी तळं एकाच दिवसात उरकणाऱ्या सहली मिळतात. घेऊ नका, पहाटेपासून रात्रीपर्यंत गाडीतच बसाल. साती गावात लोकांच्या घरीच राहायची सोय होते. कायंदीच्या कच्च्या रस्त्याला जुनी सोव्हिएत व्हॅन लागते. तिला तिकडे ‘बुखान्का’ म्हणतात, म्हणजे पावाची लादी, आणि दिसतेही तश्शीच. ओढ्याच्या पाण्यातून ती जाताना मी पुढच्या सीटची दांडी दोन्ही हातांनी धरली होती, ड्रायव्हर मात्र एका हाताने सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. १९११ च्या भूकंपात दरड कोसळून ओढा अडला आणि हे तळं झालं. बुडालेल्या स्प्रूसची वाळकी खोडं अजून पाण्यातून सरळ वर आलेली आहेत, गलबतांच्या डोलकाठ्यांसारखी.

आता व्हेज. ‘बेझ म्यासा’, मांसाशिवाय, हे दोन रशियन शब्द पाठ करा. मी केले, आणि वेटरने हसतमुखाने कोंबडी आणली. कोंबडी म्हणजे काही मांस नव्हे, असा त्याचा हिशोब. तेव्हा ‘बेझ कुरित्सी’ही पाठ करा. नुसत्या भाजीचं दिसणारं सूपही बहुतेकदा मटणाच्याच पाण्यातलं असतं.

खरा आधार सापडला तो अल्माटीच्या ग्रीन बाझारमध्ये. घोड्याच्या मांसाच्या रांगेतून नाक दाबून पुढे गेलात की कोरियन बायकांची रांग लागते. १९३७ साली स्टालिनने सोव्हिएत रशियाच्या पूर्व टोकावरच्या कोरियन लोकांना उचलून इकडे आणून टाकलं. कोबी मिळेना म्हणून त्यांनी गाजरावर भागवलं, असं सांगतात. लांब किसलेलं गाजर, व्हिनेगर, लसूण, भरडलेले धने, वरून गरम तेल. पहिला घास घेतला आणि वाटलं, ही तर आपल्या कोशिंबिरीची चुलतबहीण! मावशींनी चव बघायला दिलेलं तिथेच संपवलं आणि अर्धा किलो बांधून घेतलं. साती गावात दोन्ही रात्री नानबरोबर तेच.

व्हिसाचं म्हणाल, तर २०२२ पासून भारतीय पासपोर्टावर १४ दिवसांपर्यंत लागत नाही. नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी एकदा खात्री करा. दिल्लीहून थेट विमान आहे. मे अखेर किंवा सप्टेंबर धरा. आणि घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं, त्यामुळे आईच्या नऊच्या फोनमधून सुटका नाही.