तुम्ही विचारलेत म्हणून: पायथॉनचा पॅटर्न दुसरीकडे का चालत नाही?

जळगाव-भुसावळकडे प्रोग्रामिंग शिकणारी मुले भेटली की एक प्रश्न हमखास निघतो: रेजेक्स (मजकुरात ठरावीक नमुना, म्हणजे पॅटर्न, शोधण्याची चिन्हांची भाषा) तर एकच, मग पायथॉनमध्ये सुरळीत चाललेला पॅटर्न ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्राममध्ये, जावास्क्रिप्टमध्ये किंवा गो या भाषेत का अडतो? तुम्ही विचारलेत म्हणून सांगते, एक होते ते फक्त त्यामागचे गणित, जे गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात मांडले. केन थॉम्पसन यांनी ते युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ईडी या एडिटरात आणले (बातम्यांतली ईडी वेगळी), तिथून ते ग्रेपमध्ये गेले. पुढे १९८७ साली आलेल्या पर्ल या भाषेने त्यात आपल्या सोयीची भर घातली आणि नंतरच्या प्रत्येक भाषेने पर्लकडून हवे तेवढेच उचलले.

म्हणून साध्या ग्रेपमध्ये + हे निव्वळ अधिकचे चिन्ह ठरते आणि त्याला ‘एक किंवा अधिक’ हा अर्थ हवा असेल तर मोठा ई हा पर्याय द्यावा लागतो. जावात प्रत्येक बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो, पण तो दोष रेजेक्सचा नसून त्यातला एक बॅकस्लॅश जावाची स्ट्रिंगच (अवतरणचिन्हांतला मजकूर) गिळते. असल्या चुका पहिल्याच फटक्यात उघड्या पडतात, त्यामुळे मला त्यांची फारशी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती पॅटर्न तोच, तक्रार कोणाचीच नाही आणि उत्तर मात्र वेगळे, अशा जागांची. आपल्याकडे त्या जास्तच भेटतात, कारण आपला मजकूर देवनागरीत असतो. रावेर-यावलकडच्या केळी बागायतदारांची पत्त्यांची यादी घ्या, जिच्यात पिनकोड ४२५५०८ असा मराठी अंकांत लिहिलेला आहे. अंकासाठी आपण बॅकस्लॅश डी (\d) लिहितो. पायथॉन ३ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये आणि रस्ट या भाषेत त्यात देवनागरी अंकही येतात. जावास्क्रिप्ट आणि गो फक्त इंग्रजी अंक धरतात, आणि जावाही वेगळा फ्लॅग (पॅटर्नसोबत द्यायची सूचना) दिल्याशिवाय तेच करते. परिणामी ब्राउझरमधला फॉर्म जो पिनकोड नाकारतो तोच सर्व्हरवरचे पायथॉन बिनतक्रार स्वीकारते, आणि तो मजकूर म्हणूनच साठवला तर इंग्रजी अंकांत शोधणाऱ्याला पुढे कधीच सापडत नाही.

त्याच यादीत कोणी चुकून सात अंकी पिनकोड लिहिला आणि तुमचा पॅटर्न सहा अंकांचा असला, तर पायथॉनचे मॅच हे फंक्शन तो पास करते, कारण ते केवळ सुरुवात जुळते का एवढेच पाहते. जावातले मॅचेस मात्र संपूर्ण मजकूर जुळल्याशिवाय होकार देत नाही. पायथॉनमध्ये त्यासाठी फुलमॅच आहे आणि तपासणीच्या कामाला तेच वापरावे, असे माझे ठाम मत आहे.

शब्दांची गत याहून वाईट आहे. शब्दातल्या अक्षरासाठी असलेल्या पायथॉनच्या बॅकस्लॅश डब्ल्यूला (\w) ‘रावेर’ शोधायला सांगितले तर हाती र, व, र असे तीन तुकडे येतात, कारण युनिकोडमध्ये (संगणकावर सर्व लिप्या लिहिण्याच्या मानकात) काना आणि मात्रा अक्षरांत नव्हे तर चिन्हांत मोडतात आणि पायथॉन ती चिन्हे शब्दाचा भाग मानत नाही. रस्ट युनिकोडच्या शिफारशीप्रमाणे चालते, म्हणून तिथे रावेर अखंड राहते. जावास्क्रिप्टच्या बॅकस्लॅश डब्ल्यूला देवनागरी दिसतच नाही. मात्र २०१८ पासून तिथे यू फ्लॅग लावून ‘अक्षर किंवा चिन्ह’ असे युनिकोडच्या वर्गांनुसार मागता येते. पायथॉनच्या मूळ लायब्ररीत ही सोय नसल्याने बरेच जण देवनागरीचा संपूर्ण युनिकोड पट्टाच चौकोनी कंसात टाकतात, जे ठीक आहे, पण त्या पट्ट्यात दंड (।) आणि अंकही बसलेले असतात हे ध्यानात ठेवावे लागते.

गो या भाषेची गोष्ट निराळी. पॅटर्नमध्ये आधी सापडलेल्या गटाचा पुन्हा उल्लेख करणे किंवा पुढे-मागे डोकावून पाहणे तिथे मुद्दामच ठेवलेले नाही, कारण त्या बदल्यात मजकूर वाढेल त्याच प्रमाणात वेळ वाढेल, अशी हमी मिळते. मागे फिरून पुन्हा पुन्हा प्रयत्न करणाऱ्या इंजिनांत ती हमी नसते. २ जुलै २०१९ रोजी अशाच एका रेजेक्सने क्लाउडफ्लेअर या संकेतस्थळांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीचे सर्व्हर थकवून जगभरातली संकेतस्थळे बंद पाडली होती. गोमध्ये मागचा गट वापरण्याची किंवा डोकावण्याची सोय नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांना मी एका अवघड पॅटर्नऐवजी दोन साधे पॅटर्न एकामागून एक लावायला सांगते. ते नंतर वाचणाऱ्यालाही बरे पडतात.