माणसाला मत की शेअरला मत?
भांडवलशाही आणि लोकशाही एकत्र नांदू शकतात, पण आपोआप नाही. निवडणुकीत माणशी एक मत असतं, कंपनीच्या सभेत सहसा शेअरमागे एक. ५१ टक्के शेअर हाती असले की साधा ठराव खिशात. बिघडतं ते हाच हिशेब निवडणुकीत शिरल्यावर. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालाने कंपन्यांच्या स्वतंत्र, म्हणजे उमेदवाराशी न ठरवता केलेल्या, प्रचारखर्चावरचं बंधन उठलं (उमेदवाराला थेट देणगी देण्यावरची बंदी मात्र कायम राहिली, हे बरेच जण विसरतात).

उलट दिशेचा प्रयोग जर्मनीचा. तिथल्या १९७६ च्या कायद्याने २००० हून जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांत पर्यवेक्षक मंडळाच्या (व्यवस्थापनावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या) निम्म्या जागा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींना मिळाल्या. तरी फेरमतदानातही बरोबरी झाली तर अध्यक्षाला दुसरं मत असतं, आणि अध्यक्ष बहुधा भागधारकांचाच. मला खटकतं ते हे दुसरं मत.