एका आवक शिक्क्यासाठी अकरा दिवस – माझा अनुभव

आईचं प्लास्टर निघून चार महिने झाले. हात बऱ्यापैकी चालतो, पोळ्या अजून लाटता येत नाहीत. ते होईल हळूहळू, पण माझ्या डोक्यातून ती पोलीस चौकी काही जात नाही, म्हणून लिहितेय.

ऑगस्टमधे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास आई भाजी घेऊन फुटपाथवरून घरी येत होती. फुटपाथवरून, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणारे. पुण्यात आमच्या भागात डिव्हायडरचा कट पार पुढे आहे, त्यामुळे अर्धे टूव्हीलरवाले राँग साइडने येतात आणि समोर बस दिसली की गाडी सरळ फुटपाथवर चढवतात. तसाच एक आला, हँडल आईच्या पिशवीत अडकलं, ती हातावर पडली. तो मुलगा क्षणभर थांबला, "सॉरी काकू" म्हणाला आणि निघून गेला. मेडिकलवाल्या दादांनी धावत जाऊन आईला उचललं, गाडीचे शेवटचे चार आकडेही त्यांनीच लक्षात ठेवले. ११२ ला फोन केला, गाडी लवकर आली, आलेले पोलीस नीट बोलले, तक्रार चौकीत द्या म्हणाले. एक्सरे काढला, मनगटाचं हाड मोडलेलं, सहा आठवडे प्लास्टर.

त्याच रात्री नऊ वाजता चौकीत गेले.

हवालदारांचा पहिला प्रश्न, "आजी रस्ता क्रॉस करत होत्या का?" नाही, फुटपाथवर होत्या. "जास्त लागलंय का?" फ्रॅक्चर आहे. "मग किरकोळच आहे की मॅडम. गाडीवाल्याला बोलावून घेतो, औषधपाण्याचा खर्च घ्या आणि मिटवून टाका. कोर्टाच्या चकरा कशाला आजींना या वयात?" मी म्हटलं मला खर्च नकोय, तक्रार द्यायचीये. मग म्हणे अर्ज लिहून आणा.

दुसऱ्या दिवशी अर्ज घेऊन गेले तर राँग साइडचं म्हणजे वाहतूक शाखेचं काम, तिकडे जा. वाहतूक शाखेत गेले तर तिथे जखमी आहे म्हणजे पोलीस स्टेशनचं काम, आम्ही गाडी जागेवर पकडली असती तर दंड केला असता. अर्धा दिवस रजा टाकलेली, भर उन्हात या दारातून त्या दारात. परत चौकीत आले तर साहेब बंदोबस्ताला.

"अर्ज ठेवून जा, साहेब आले की बघतील."
"पोच द्या मग."
"पोच कशाला? आम्ही बघतो ना."

सगळं अडलं ते इथे. आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, न घेता अर्ज टेबलावर ठेवून आलात तर तो अर्ज दिलाच नव्हता असं समजा. उद्या कुणी म्हणालं असा अर्ज आलाच नाही, तर तुमच्याकडे दाखवायला काय आहे? म्हणून मी ठेवला नाही. परत घेऊन आले, पुन्हा गेले. अकरा दिवसांत पाच वेळा गेले. एकदा शिक्का कपाटात आणि किल्ली ज्यांच्याकडे ते सुट्टीवर, एकदा साहेब राऊंडला, एकदा म्हणे आज रविवार. एकदा तर हवालदारांनी अर्ज पूर्ण वाचला, घडी घातली, माझ्या हातात परत दिला आणि म्हणाले, "मुलाचं करिअरचं वय असतं हो ताई, जरा विचार करा." माझ्या आईचं वय सदुसष्ट आहे, तिचा विचार कोण करणार हे मी त्यांना विचारलं. उत्तर नाही.

त्या चौकीच्या बाकावरून समोरचा रस्ता सरळ दिसतो. एका संध्याकाळी वीस मिनिटं बसवून ठेवलं तेव्हा मी राँग साइडने येणाऱ्या गाड्या मोजल्या. त्रेचाळीस. एक जण पुढे लहान मुलीला उभं करून, एक जण फोन कानाला लावून. दारात दोन पोलीस उभे होते, त्यांच्या समोरून जात होत्या सगळ्या, कुणी हातसुद्धा वर केला नाही. माझा खरा राग हा आहे. त्या मुलाने आईला पाडलं कारण रोज तिथून तसंच जाता येतं हे त्याला माहीत होतं.

या सगळ्यात दुसरी धाकधूक म्हणजे फुटेज. हार्डवेअरच्या दुकानाचा कॅमेरा आहे समोर, पण त्यांच्या डीव्हीआरमधे फक्त पंधरा दिवसांचं राहतं, मग पुसलं जातं. पोलीस येऊन घेतील म्हणून मी वाट बघत बसले, नवव्या दिवशी झोप उडाली तेव्हा जाऊन पेनड्राइव्हवर घेतलं. त्यातच गाडीचा पूर्ण नंबर दिसला. हे पहिल्याच दिवशी करा, आणि दुकानदाराचं साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं कोर्टात, त्याला आधीच सांगून ठेवा. दवाखान्यातसुद्धा रस्त्यावरचा अपघात आहे असं स्पष्ट सांगा म्हणजे एमएलसी, म्हणजे पोलीस केससाठीची दवाखान्याची नोंद, होते. आम्ही गडबडीत "पडली" एवढंच सांगितलं, ते नंतर निस्तरावं लागलं.

दहाव्या दिवशी माझ्या आतेभावाने, तो वकील आहे, अर्ज वाचला. तो म्हणाला हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत, किरकोळ म्हणताच येत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ निष्काळजी ड्रायव्हिंगचं आणि १२५(ब) गंभीर दुखापतीचं, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मोटार वाहन कायद्याच्या १८४ मधे २०१९ पासून उलट दिशेने गाडी चालवणं स्पष्ट लिहिलेलं आहे. न्याय संहितेची दोन्ही कलमं दखलपात्र, म्हणजे गुन्हा नोंदवावाच लागतो, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा ललिता कुमारी निकाल आहे त्यावर. त्याने माझा तीन पानी अर्ज एका पानावर आणला. तारीख, वेळ, जागा, गाडी नंबर, काय झालं, कुठे लागलं, खाली कलमं. दोन प्रती.

अकराव्या दिवशी ठाणे अंमलदार म्हणून एक बाई होत्या. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "ताई, हे आधी का नाही आणलंत?" मला रडूच आलं. त्यांनी ड्रॉवर उघडला, शिक्का काढला, पॅड वाळलेलं म्हणून शिक्क्यावर तोंडाने वाफ सोडली आणि माझ्या प्रतीवर दाबला. जांभळा गोल, अर्धा फिकट. खाली बॉलपेनने आवक नंबर आणि तारीख. मी तिथेच उभ्या उभ्या त्याचा फोटो काढला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग आठवडा शांत. गुन्हा नोंदवत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली उपायुक्तांना पोस्टाने लेखी कळवता येतं, तसं स्पीड पोस्टाने पाठवलं, सोबत शिक्क्याच्या प्रतीची झेरॉक्स. पाचव्या दिवशी फोन, आईंना घेऊन जबाबाला या.

जबाब सही करण्याआधी अक्षर न अक्षर वाचा. आईच्या जबाबात टाइप केलं होतं "रस्ता ओलांडत असताना". ती तर फुटपाथवर होती! मी फुटेज लावून दाखवलं, बदलून घेतलं, नवीन प्रिंट काढायला लावली, मगच आईने डाव्या हाताने अंगठा दिला. एफआयआरची प्रत फुकट मिळते, मागून घ्या, नुकसानभरपाईच्या क्लेमसाठी तीच लागते.

तो मुलगा वडिलांना घेऊन आला होता. वडील आईच्या पाया पडले आणि म्हणाले, "काकू, आम्ही त्याच दिवशी आलो असतो. आम्हाला कुणी फोनच केला नाही."

तो रस्ता आजही तसाच आहे, आई आता भाजीला एकटी जात नाही. मी माहिती अधिकारात अर्ज टाकलाय, ऑनलाइन दहा रुपये, दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. एकच विचारलंय, ऑगस्ट महिन्यात त्या रस्त्यावर राँग साइडच्या किती केसेस केल्या. उत्तर द्यायचे तीस दिवस येत्या मंगळवारी पूर्ण होतात. उत्तर नाही आलं तर बुधवारी पहिलं अपील टाकणार आहे.